जागची हलवायची नाही

आजोबांच्या घरात आम्हा मुलांना तीनच गोष्टींची बंदी होती आणि तिन्ही सामानसुमानाबद्दल होत्या. खिडकीजवळची वेताची खुर्ची जागची हलवायची नाही. भिंतीवरच्या घड्याळाला हात लावायचा नाही. लिहायच्या टेबलाचा मधला खण पावसाळ्यात ओढायचा नाही. बाकी पलंगावरून उड्या मारा, कपाटात लपा, ट्रंकेवर घोडा घोडा करा, आजोबा पेपरातून डोकं वर काढत नसत. खुर्ची मात्र वीतभर सरकली तरी आवाज यायचा, "कोणी हलवली?"

आम्ही सहा मामे-मावस भावंडं. सगळ्यांचं एकमत होतं की आजोबा तऱ्हेवाईक आहेत. त्यांची जागा, त्यांची खुर्ची, त्यांचं घड्याळ. म्हातारी माणसं अशीच असतात, असं आम्ही एकमेकांना समजावत असू. त्यातला मोठा दादा बारा वर्षांचा होता, त्यामुळे त्याला हे असं बोलायचा अधिकारही होता.

त्या खोलीत गोट्या खेळायची एक अडचण होती. गोटी कुठूनही सोडा, चारदोन वळणं घेऊन ती शेवटी आजोबांच्या खुर्चीखाली जायची. मागच्या डाव्या पायापाशी जाऊन थांबायची. आम्ही पालथे पडून हात घालायचो, आणि आजोबा पेपर वाचता वाचताच दोन्ही पाय उचलून धरायचे. गोटी मिळाली की पाय खाली. मला वाटायचं, खुर्चीलाच गोट्या आवडतात. याचा अर्थ लागायला पस्तीस वर्षं गेली.

आजी आधी गेली, मग आजोबा. घर बरीच वर्षं बंद राहिलं आणि शेवटी विकायचं ठरलं. आवराआवरीला आम्ही सगळे जमलो. अशा वेळी काय होतं ते ज्यांनी केलं आहे त्यांना माहीत आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक वस्तू हातात घेऊन "हे आठवतंय का?" चालतं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे नुसतं "ठेवायचं की टाकायचं?" एवढंच विचारतात. पलंगाच्या फळ्यांना भुंगा लागला होता. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुगा. आरशाचा मागचा मुलामा कडेकडेनं काळा पडून आत सरकला होता. त्यात चेहरा बघायचा तर मधोमध उभं राहावं लागे. कपाट दारातून बाहेर निघेना. ते मुळात आत कसं आणलं असेल यावर दोन्ही मामांचा वाद झाला, आणि मग मागची फळी उचकटून ते खोलीतच सुटं केलं.

टेबल मावशीनं घेतलं. मी म्हटलं, मला खुर्ची आणि घड्याळ द्या. खुर्चीची बैठक फाटून वेताच्या पट्ट्या लोंबत होत्या आणि घड्याळ बंद होतं. त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

"काय करणारेस त्याचं?" मामानं विचारलं.

"दुरुस्त करीन."

"कर बाई," तो म्हणाला. त्या सुरातली दया मला कळली.

घरी आणून ठेवल्यावर पहिला धक्का मापाचा बसला. माझ्या आठवणीतली खुर्ची भलीमोठी, काळीकुळकुळीत आणि सिंहासनासारखी होती. मोजली तर बैठकीची उंची ४३ सेंटिमीटर. म्हणजे कुठल्याही खुर्चीची असते तेवढीच. घड्याळ तर पुरुषभर उंच आठवत होतं, ते ७० सेंटिमीटरचं निघालं. आठवण आपण ज्या उंचीवरून साठवतो त्याच मापात राहते. तेव्हा मी सव्वातीन फुटांची होते, त्याला कोण काय करणार? काळेपणाचं म्हणाल तर ओल्या फडक्यानं खुर्चीचा एक हात पुसला आणि फडकं काळं झालं. हात तपकिरी निघाला, लालसर झाक असलेला. इतकी वर्षं मी ज्याला लाकडाचा रंग समजत होते तो हातांचा, तेलाचा आणि धुळीचा थर होता.

पुढची पायरी मला आधी माहीत नव्हती, नंतर कळली. जुन्या लाकडाला हात लावण्याआधी वरचा थर कशाचा आहे ते ओळखावं लागतं. न दिसणाऱ्या जागी, म्हणजे बैठकीच्या खालच्या बाजूला, स्पिरिटचा बोळा घासायचा. थर चिकट होऊन बोळ्यावर आला तर ते लाखेचं पॉलिश. लाख म्हणजे झाडाच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका बारक्या किड्याचा स्राव. तो खरवडून, गाळून त्याचे पापुद्रे करतात आणि ते स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर चढवतात. स्पिरिटमध्ये विरघळते तशी ती स्पिरिटनं निघतेही. तेलाचं वार्निश असेल तर स्पिरिटनं त्याला काही होत नाही. माझा बोळा चिकट झाला. लाखच होती. मला फार आनंद झाला आणि त्या आनंदात मी घोळ घातला.

खुर्चीच्या उजव्या हातावर पांढुरके दोन गोल होते, एकमेकांत अर्धवट गुंतलेले. आजोबा गरम पेला नेहमी तिथेच ठेवायचे. आजी म्हणायची, "खाली काहीतरी घ्या," आणि ते "हो" म्हणून तिथेच ठेवायचे. गरम वाफ लाखेच्या थरात शिरली की तिथे असा दुधी डाग पडतो. लाकडाला काही झालेलं नसतं, सगळं वरच्या थरात असतं. हे गोल जपायचे असं मी ठरवलं होतं. पण चाचणी झाल्यावर हातात तोच ओला बोळा होता, खुर्चीच्या हातावर धूळ दिसली, आणि सवयीनं पुसायला गेले. स्पिरिटचा हलका हात फिरला की तो दुधीपणा निघून जातो. पॉलिशवाले तो मुद्दाम असाच घालवतात. एका मिनिटात दोन्ही गोल गेले. लख्ख हात. तज्ज्ञ माणसानं पाहिला असता तर शाबासकी दिली असती.

मी बोळा टाकून दिला आणि पुढचे दहा-बारा दिवस खुर्चीकडे फिरकले नाही.

मधल्या काळात घड्याळ हातात घेतलं. लंबकाचं, आठ दिवसांच्या किल्लीचं. तबकडीवर किल्लीची दोन भोकं, एक चालण्याचं आणि एक टोल्यांचं. आकडे रोमन, आणि त्यात चाराच्या जागी चार उभ्या रेघा. शाळेत चार म्हणजे पाचाच्या डावीकडे एक रेघ असं शिकवलं, तेव्हा मी बाईंना सांगितलं होतं की आजोबांच्या घड्याळात तसं नाही. बाई म्हणाल्या, घड्याळ चुकीचं असेल. बऱ्याच जुन्या घड्याळांच्या तबकड्या अशाच असतात हे मला पुढे कळलं. पण तेव्हा बाईंचं खरं मानून मी आजोबांवर रागावले होते.

या घड्याळाचे टोले हा आमचा मोठा खेळ होता. तासाला तितके टोले आणि अर्ध्या तासाला एक. दिवसाचे किती, हे एकदा आजोबांनी आम्हाला गणित म्हणून घातलं होतं. एक ते बाराची बेरीज ७८, दिवसातून दोनदा म्हणजे १५६, अर्ध्या तासांचे २४, एकूण १८०. दादानं ते आधी सोडवलं याचं मला अजून वाईट वाटतं. एकदा मोठी माणसं झोपलेली असताना आम्ही स्टुलावर चढून मोठा काटा गरागरा फिरवला. मधल्या टोल्यांना थांबलोच नाही. त्यानंतर घड्याळ तीन वाजता अकरा टोले देऊ लागलं. या जातीच्या घड्याळात टोल्यांचं एक वेगळं चक्र असतं, कडेला कमी-जास्त अंतरावर खाचा असलेलं. काटे कुठे आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मागच्या वेळी चार दिले, आता पाच, एवढंच ते जाणतं. चूक दुरुस्त करायची तर काटे आणि टोले यांची गाठ पडेपर्यंत घड्याळाकडून टोले वाजवून घ्यावे लागतात. आजोबांनी ते आमच्यासमोर केलं. रागावले नाहीत. आम्ही चौघं ओळीनं बसलो होतो आणि घड्याळ टोल्यांवर टोले देत होतं. ती शिक्षा होती की करमणूक, हे मला अजून ठरवता येत नाही.

घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांकडे दिलं. आतलं जुनं तेल घट्ट होऊन त्याचा डिंक झाला होता. सगळं सोडवून, धुऊन, नवं तेल देऊन त्यांनी परत दिलं आणि सांगितलं, "दुकानात चार दिवस चाललंय. घरी सरळ टांगा." मी सरळ टांगलं. पाणसळ लावून, बुडबुडा बरोब्बर मध्ये आणून. घड्याळ सात मिनिटं चाललं आणि थांबलं. लंबकाला धक्का दिला, परत सात-आठ मिनिटं. काकांना फोन केला.

"आवाज कसा येतोय?"

"टिकटिक येतोय."

"टिकटिक नाही हो, नीट ऐका. सारखा येतोय की लंगडतोय?"

मी कान लावला. टिक-टॉक, थोडी सुट्टी, टिक-टॉक, थोडी सुट्टी. लंगडत होतं.

"मग खालून जरा डावीकडे ढकला. लंगडायचं थांबलं की तिथेच ठेवा."

मी ढकललं. बोटभर सरकवल्यावर टिक आणि टॉक समान अंतरावर पडायला लागले. बघणाऱ्याला आता घड्याळ वाकडं दिसत होतं, स्पष्ट वाकडं. आणि ते वाकडेपण माझ्या ओळखीचं होतं.

आजोबांकडे घड्याळ नेहमी असंच तिरकं असायचं. मी आठ वर्षांची असताना एका दुपारी मला ते खुपलं. वाटलं, आजोबांना दिसत नसेल नीट. स्टूल घेतलं, चढले, सरळ केलं, उतरले आणि शहाण्यासारखी चित्रं काढत बसले. आजोबा डोळे मिटून खुर्चीत पडले होते. काही वेळानं डोळे न उघडता म्हणाले, "घड्याळ कोणी सरळ केलं?"

मला घाम फुटला. पाठीमागे न बघता यांना कसं कळलं? ते उठले, घड्याळाच्या खालच्या टोकाला एक बोट लावलं, किंचित डावीकडे नेलं, मान कलती करून ऐकलं, आणखी एक केसभर नेलं, आणि परत येऊन बसले. पुढे अनेक वर्षं मी मैत्रिणींना सांगत असे की माझ्या आजोबांना पाठीलाही डोळे होते.

काकांनी नंतर मला आतलं दाखवलं. लंबकाला ढकलणारी एक बारीक तार असते. ती एका बाजूला वाकलेली होती. पूर्वी कधीतरी घड्याळ तिरकं टांगलं गेलं असेल, खिळ्यामुळे म्हणा किंवा भिंतीमुळे, आणि तिरक्या घड्याळात आवाज सारखा पडावा म्हणून कोणीतरी ती तार तशी वाकवली. "सरळ करून देऊ का? अर्ध्या मिनिटाचं काम आहे," ते म्हणाले. त्यांच्या दुकानातही ते खाली चपटी पट्टी सारून कलतंच उभं केलेलं होतं. मला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. मी नको म्हटलं. पांढऱ्या गोलांचं ताजं होतं.

वेळ लावायला मात्र आठवडाभर गेला. लंबक लांब केला की घड्याळ मागे पडतं आणि आखूड केला की पुढे जातं. याचं गणित ख्रिश्चन हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं मांडलं, लंबकाचं पहिलं घड्याळही त्यानंच १६५६ साली घडवलं. सेकंदाला एक ठोका हवा असेल तर लंबक जवळजवळ एक मीटरचा लागतो, ९९ सेंटिमीटर आणि थोडा वर. माझा अर्ध्या सेकंदाला एक ठोका देतो, म्हणून तो २५ सेंटिमीटरच्या आसपास. एवढ्या लंबकाच्या घड्याळाचा दिवसाचा एक मिनिट सुधारायचा तर लांबीत फरक करायचा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. खालची चकती अर्धी फिरवायची, चोवीस तास थांबायचं, बघायचं, परत पाव फिरवायची. आजोबा दर रविवारी किल्ली देताना रेडिओच्या बातम्यांची वाट बघत घड्याळापुढे का उभे असत, ते मला त्या आठवड्यात समजलं.

मग खुर्चीकडे परत वळले. पुढची आडवी पट्टी डाव्या पायापाशी सुटली होती, आणि या सांध्याबद्दल माझ्या मनात जुनं ओझं होतं. नऊ वर्षांची असताना मी खुर्चीच्या हातावर उभी राहून खिडकीतून वाकले आणि खाली कट् असा आवाज झाला. कोणी पाहिलं नव्हतं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी खुर्ची नीट होती, आजोबा काही बोलले नाहीत, आणि मी आयुष्यभर मनात धरून बसले की ती मी मोडली आणि त्यांनी मला पाठीशी घातलं.

सांधा उघडला. पट्टीचं कुसू पायाच्या खाचेतून बाहेर काढलं तर त्यावर तीन वेगवेगळे थर होते. सगळ्यात वर पांढरा, रबरासारखा, नखानं सोलून निघणारा, म्हणजे हल्लीचा सुतारी डिंक. त्याच्या आत आडवा ठोकलेला एक गंजका खिळा. आणि सगळ्यात आत काचेसारखा तांबूस, ठिसूळ सरस, जनावरांच्या कातड्यापासून करतात तो. तोही एकदा नाही, दोनदा लावलेला होता. एका थरावर धूळ बसली होती आणि त्या धुळीवर दुसरा थर. म्हणजे हा सांधा किमान चार वेळा निखळला होता.

मी मामाला फोन केला.

"अगं, ती मीच मोडली होती," तो म्हणाला. "बॉल काढायला चढलो होतो. बाबांना अजून... म्हणजे शेवटपर्यंत माहीत नव्हतं."

मावशीला केला. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

दादाला विचारायची गरज उरली नाही, तरी विचारलं. त्यानंही मोडली होती. प्रत्येकाला वाटत होतं की गुन्हेगार आपण एकटेच. खिळा कोणाच्या वाट्याचा, यावर अजून निकाल लागलेला नाही. सरस लावायची शिस्त असलेले आजोबा खिळा ठोकणार नाहीत, तेव्हा संशय मामावरच आहे.

जुना सरस गरम पाण्याच्या फडक्यानं मऊ होऊन निघतो, त्याची गंमतच ती. पांढरा डिंक मात्र पटाशीनं खरवडून काढावा लागला, कारण तो राहिला तर त्यावर नवीन काही धरत नाही. खिळा काढताना लाकडाची एक ढलपी निघाली. सगळं स्वच्छ करून सांधा पुन्हा सरसानंच जोडला आणि शिकंजा लावून रात्रभर ठेवला. पुढच्या माणसाला सोडवता यावा. पुढचा कोणीतरी मोडणार हे आता गृहीतच होतं.

बैठक विणायला शिकवायला एक काका तयार झाले, अट एवढीच की मी मध्ये बोलायचं नाही. वेताच्या विणीची ओढ मला लहानपणापासून होती. उघड्या मांडीवर ती जाळी उमटायची आणि आम्ही एकमेकांच्या मांड्यांवरची अष्टकोनी नक्षी मोजायचो. ती जाळी विणायला किती वेळ लागतो हे माहीत असतं, तर मी तिच्यावर कधीच उड्या मारल्या नसत्या.

वेत हा ताडाच्या कुळातला वेल. बांबू पोकळ असतो, हा आतून भरीव. रानात झाडांना काट्यांनी धरून तो चढत जातो आणि काही जातींचे वेल १०० मीटरच्याही पलीकडे जातात. खुर्चीला लागते ती त्याची बाहेरची साल, दोन-अडीच मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांत कापलेली. तिला एक चकचकीत बाजू असते आणि एक खरबरीत. चकचकीत बाजू कायम वर. अर्धा तास पाण्यात भिजवायची, मगच वळते.

माझ्या खुर्चीला ८२ भोकं. पुढे २४, मागे २०, दोन्ही बाजूंना १९-१९. प्रत्येक भोकात जुन्या वेताची आणि खुंट्यांची कुजलेली बुचं. ती काढण्यात पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मी उत्साहानं कोपऱ्यापासून सुरुवात केली. काकांनी काही न बोलता पट्टी ओढून काढली आणि मधल्या भोकात घातली. बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद. मधून बाहेर जात राहिलं तर पट्ट्या समांतर राहतात आणि उरलेल्या कडेच्या भोकांत सामावतात. कोपऱ्यापासून धरलं तर सगळी जाळी कलते.

विणीचा पहिला हात मागून पुढे. दुसरा आडवा, पहिल्यावर नुसता ठेवलेला. तिसरा परत मागून पुढे, पहिल्याच भोकांतून, जरा उजवीकडे सरकवून. इथपर्यंत विणणं असं काहीच नसतं. चौथा आडवा जातो तो मात्र एकाखालून एकावरून, आणि तिथे बोटं सोलवटतात. मग पाचवा तिरका, सहावा उलट्या बाजूनं तिरका. एक तिरका उभ्या जोडीवरून आणि आडव्या जोडीखालून जातो, दुसरा बरोबर उलटा. बरोबर गेला तर पट्टी आपोआप कोपऱ्यात सरकून बसते, ओढायला लोण्यासारखी. चुकला तर करकरते, आणि तशीच ठेवली तर पुढे घासून तिथेच तुटते. मी पाचवा हात अर्धा उलटा घातला होता. काका दोन तास समोर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत. मी शेवटच्या ओळीला पोचल्यावर म्हणाले, "आता बोट फिरवा." बोट फिरवलं तर प्रत्येक ठिकाणी अडकत होतं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं असतं तर बोटाला कळलं नसतं."

मी तो हात उसवून परत घातला. सगळं संपायला सहा रविवार लागले. ओली बैठक ढिली वाटते, वाळली की आखडून ढोलकीसारखी ताणली जाते. टिचकी मारली तर वाजते. वाळल्याच्या रात्री मी ती बरेचदा वाजवून बघितली.

आणि खुर्ची डुगडुगत होती.

सांधे घट्ट, वीण घट्ट, तरी बसलं की एका पायावरून दुसऱ्या पायावर कलायची. चार पायांचं टेबल उंचसखल जमिनीवर गोल फिरवत गेलं तर कुठेतरी ते स्थिर बसतंच, असं गणिती लोक सिद्ध करून दाखवतात. मी फिरवून पाहिली, नाही बसली. कारण त्या सिद्धांतात पाय सारखे असतात आणि जमीन खालीवर. माझ्याकडे नेमकं उलटं होतं. उलटी करून पाहिलं तेव्हा दिसलं. मागच्या डाव्या पायाला तळाशी दुसऱ्याच लाकडाची टाच चढवलेली होती, इतकी सफाईनं घासून बसवलेली की मळाखाली ती सांध्याची रेघ मला आधी दिसली नव्हती. जाडी ८ मिलिमीटर.

सुताराला दाखवली. तो म्हणाला, "कोणीतरी चुकून लावलीय. करवतीनं उडवतो."

मागचा डावा पाय. गोट्या जिथे जाऊन थांबायच्या तो.

घराचा ताबा द्यायला अजून तीन दिवस होते. मी किल्ली मागून घेतली आणि लोखंडी फूटपट्टी घेऊन गेले. रिकामी खोली आठवणीपेक्षा लहान होतीच, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे ती घुमत होती. माझ्या चपलांचा आवाज मला परत ऐकू येत होता. भिंतीवर घड्याळामागचा चौकोन फिकट उरला होता आणि तोही तिरका होता. खिडकीजवळ जमिनीवर खुर्चीच्या पायांच्या चार खुणा. मागच्या डाव्या खुणेपाशी फरशी दबलेली. नुसत्या डोळ्यांना कळत नव्हती, तळहात फिरवल्यावर कळली, बशीसारखी. पट्टी आडवी टाकून खालची फट मोजली. साडेसात, आठ. कडेला थोडी कमी.

पर्समध्ये गोटी नव्हती. पेनाचं टोपण काढून सोडलं. ते लवंडत, अडखळत गेलं आणि तिथेच जाऊन थांबलं.

फरशी बदलणं मोठं काम. खुर्ची दुसरीकडे ठेवावी तर वाचायला उजेड तिथेच. म्हणून त्यांनी पायाला टाच लावली. त्यानंतर अख्ख्या जगात ती खुर्ची न डुगडुगता बसेल अशी एकच जागा उरली. वीतभर सरकवली की ती डुगडुगायची, आणि आम्ही म्हणायचो आजोबा तऱ्हेवाईक आहेत. एकदाही सांगितलं नाही त्यांनी. आम्हीही कधी विचारलं नाही म्हणा.

तिसरं, खणाचं कोडं पुढच्या पावसाळ्यात मावशीच्या फोननं सुटलं. "टेबलाचा मधला खण उघडेना. ओढला तर मूठच हातात आली." मी म्हटलं, राहू दे, हवा कोरडी पडली की उघडेल. लाकूड ओल पिऊन फुगतं, पण लांबीत नाही, रुंदीत. त्या खणाची समोरची फळी बरोब्बर मापाची, तिला फुगायला जागाच ठेवलेली नाही. "पण मला आत ठेवलेलं हवंय ना आत्ता," मावशी म्हणाली. पासष्टाव्या वर्षीही तिला तो नियम मान्य नव्हता.

टाच मी उडवली नाही. मागच्या उजव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालते, चार पदरी. तेवढ्यावर खुर्ची गप्प बसते. रोजच्या उठण्याबसण्यात घडी हळूहळू बाहेर सरकते, म्हणून रविवारी घड्याळाला किल्ली दिली की वाकून ती आत ढकलायची असं बसवून घेतलं आहे. गेल्या रविवारी घडी जागेवर नव्हती. लेकीनं उलगडून तिच्यावर मांजराचं चित्र काढलं होतं. चित्र ठेवून घेतलं, पायाखाली दुसरा पुठ्ठा कापून घातला.